सगळे रस्ते माझ्या टेबलासमोरून

— तिसऱ्यांदा इथेच पोचलात? नाही हो ताई, दुसऱ्यांदा असेल. बरं, तिसऱ्यांदा. बसा ना, पाणी घ्या. माझी खुर्ची करकरते, तिकडे लक्ष देऊ नका, कितीही तेल घातलं तरी ती आपलं गाणं सोडत नाही. पट्टा नीट चालतोय ना तुमचा? उजवीकडे वळायचं असलं की उजवी कंबर थरथरते, डावीकडे तर डावी, आणि कानात ती बाई बोलते — हो ना? मग झालं तर. मशीन चुकलेलं नाही, रस्ताच तसा आहे. स्टेजकडून स्वच्छतागृहाकडे जायचं तर माझ्या टेबलासमोरून, तिथून खाण्याच्या गाड्यांकडे जायचं तरी माझ्या टेबलासमोरून — आता म्हणाल, बाई, हे मदत केंद्र आहे की टोलनाका? म्हणा, मी नाही रागवत.

त्याचं काय आहे, मधून वायरी गेल्यात. चांगल्या मनगटाएवढ्या जाड. म्हणजे होत्या — काल झाकल्या त्यांनी, वर रबराच्या फळ्या टाकल्या. पण उतार आहे ना — उतार म्हणजे तसा काही फार नाही, चाकाची खुर्ची आरामात जाते. रस्ते कोणी आखले? मीच. मैदान रिकामं असताना पट्टा बांधून, डोळे मिटून सगळं चालून बघितलं. तंबूच्या खुंटीला अडखळून तोंडावर आपटले, साउंडवाला पोट धरून हसला — हसू दे. हे काम मला येतं हो. माझ्या दादाला जन्मापासून दिसत नाही, तुमच्यासारखंच. उभं आयुष्य माझं कोपर त्याच्या हातात. कुठेही गाणं असो, आमची जोडगोळी हजर. मी त्याला सगळं सांगायची — ड्रमवाला घामानं भिजलाय, गाणारीची चप्पल तुटलीय — आणि कंटाळा आला की थापा मारायची. एकदा म्हटलं, गाणारीच्या डोक्यावर पोपट बसलाय. तर म्हणतो कसा, पोपटच बरा गातोय, तिला म्हणावं तू बस खाली.

मग हे पट्टे आले. दादानं पहिल्याच दिवशी पट्टा बांधला, माझं कोपर सोडलं आणि म्हणाला, छोटे, तू मागे येऊ नकोस. आनंद झाला मला. खूप झाला, का नाही होणार? माणूस पिकल्या केसांनी पहिल्यांदा एकटा हिंडतोय. फक्त हे कोपर — फार हलकं वाटतं हो. करमत नाही.

मग काय — रस्ता जरा वळवला. सगळे पट्टे एकाच नकाशावर चालतात, त्यामुळे तुम्हा सगळ्यांनाच वळसा पडला. पण दादा समोरून जाताना दिसतो. हाक नाही मारत हं, शब्द दिलाय. तो आला की हलत नाही, श्वाससुद्धा रोखून धरते. त्याला पत्ताही नाही. आणि चालणं तब्येतीला चांगलंच की —

काय झालं? गुडघ्याचं ऑपरेशन? आणि ज्यांच्यासाठी आलात त्यांचंच गाणं हुकलं? अरे देवा. चुकलंच माझं. थांबा, आत्ता सरळ करते, एक बटण दाबायचंय फक्त. दाबलं की सगळ्यांचाच रस्ता सरळ होतो. दादाचाही. म्हणजे तो आता इकडून — असो. दाबते. दाबतेय ना.

कोण गृहस्थ? स्टेजपाशी भेटले? घोगरा आवाज, मधेच शीळ घालतात? — काय म्हणाले? मशीनचं ऐकू नका, कुंपणाच्या दोरीच्या कडेनं सरळ जा? म्हणजे दादाला ठाऊक आहे? मग हा शहाणा रोज इकडून कशाला —

परत सांगा. 'तिकडे एक खुर्ची करकरत असते. मी जवळ गेलो की गप्प होते, पुढे गेलो की पुन्हा सुरू. छोटी बरी आहे ना, तेवढं कळतं, म्हणून जातो.' असं म्हणाला?

...

दाबलं, ताई. झाला रस्ता सरळ. तुम्ही निघा, पुढचं गाणं तरी मिळेल. नाही, रडत नाहीये, धूळ आहे. निघा म्हणते ना — ती शीळ ऐकलीत? पट्टा त्याला सरळ जा म्हणत असणार, आणि येतोय मात्र इकडेच. जा तुम्ही. मला खुर्चीत हलायचंय, करकरू दे तिला.