तेरा-शून्य

बसा हो, बसा, बूट काढा खुशाल, या बाकावर सगळेच काढतात — तर काय म्हणत होतो मी, ड्यूकच्या किल्ल्यात आपण गेलोच नाही, त्याची तुम्हाला रुखरुख लागलीय. कळतं हो मला. सकाळी नऊ वाजता बाजारात तुम्ही बिचारीनं एवढंच विचारलंत की किल्ला कुठल्या बाजूला, आणि आता चार वाजून गेले, आमचं अख्खं युझेस गाव पायाखाली घातलं आणि किल्ला तेवढा राहिला! पण आहे काय त्या किल्ल्यात? पायऱ्या. पायऱ्याच पायऱ्या, आणि वर धापा टाकत पोचलं की खालचं गाव दिसतं — ते मी तुम्हाला खालूनच दाखवलं की. तो खिडक्यांचा गोल मनोरा बघितलात, आत कुणाला सोडत नाहीत, म्हणजे तिकडेही पायांचा त्रास वाचला. आणि मी काय काय दाखवलं! खाटकाच्या दुकानावरचा बैल, तो मी रंगवलेला. न्हाव्याची पाटी, मी. औषधवाल्याच्या भिंतीवरचा तो पुसट साप — मीच. पन्नास वर्षं पाट्या रंगवल्या या गावात. ड्यूकच्या पूर्वजांनी काय रंगवलं? काही नाही. दुसऱ्यांकडून स्वतःचे चेहरे तेवढे रंगवून घेतले.

बरं, आता खरं सांगतो. मी काही परोपकारी माणूस नाही. कुणालाही विचारा, ओनोरे वाल्दिए पावसात छत्री देणाऱ्यातला नाही म्हणतील. तुम्हाला मी निवडलं. सकाळी, कमानीखाली, तुम्ही जर्दाळू खात होतात — रस हनुवटीवर, असू दे, जर्दाळू तसाच खायचा असतो — आणि खाऊन झाल्यावर तुम्ही बी टाकलीत. कचऱ्याच्या डब्यात. सात-आठ पावलांवरून! आणि वळूनसुद्धा बघितलं नाहीत, गेली की नाही ते! मी मनात म्हटलं, ओनोरे, हीच. हिच्याच हातून हरायचं. म्हणून तुम्हाला दिवसभर फिरवलं, नदीकाठच्या झऱ्यापर्यंत उतरवलं, पुन्हा वर चढवलं, म्हटलं पळून जायला पायांत त्राण उरायला नको. रागावलात? रागवा. पण पाच वाजता तुम्हाला माझ्याशी गोळ्यांचा डाव खेळायचाय, समोरच्या त्या झाडांखाली, आणि मला तेरा-शून्यानं हरवायचंय.

सोपं आहे हो. ही लाकडी बारकी गोळी दिसते ना, हिला आम्ही डुकराचं पिल्लू म्हणतो. ती टाकायची, मग लोखंडी गोळे तिच्या जवळ टाकायचे, तीन तुम्ही, तीन मी. ज्याचा सगळ्यांत जवळ त्यालाच गुण, जवळच्या प्रत्येक गोळ्याला एक, आधी तेरा करील तो जिंकला. आणि ज्याचा भोपळाही फुटला नाही, त्यानं फॅनीपुढे गुडघे टेकायचे. फॅनी कोण? अहो, ती पेटी दिसतेय का क्लबच्या भिंतीवर, देव्हाऱ्यासारखी, निळ्या दारांची? आत एक चित्र आहे. पाठमोरी बाई, घागरा वर केलेला, आणि — काय आडवळण घ्यायचं, ढुंगण आहे ते. गोरं, गरगरीत, उघडं. तेरा-शून्यानं हरलेल्यानं सगळ्या गावासमोर त्याचा मुका घ्यायचा. घंटा वाजते, पेटी उघडते, लोक फोटो काढतात, हरलेल्याची सात पिढ्यांना पुरेल एवढी शोभा होते. हा दक्षिणेतला कायदा आहे, पॅरिसवाल्यांना असली संस्कृती कुठली! आमच्या पाद्रीबाबांनीसुद्धा घेतलाय मुका, अठ्ठ्याऐंशी साली, झगा सावरून गुडघ्यावर बसले आणि उठल्यावर म्हणाले, थंड आहे.

मी? मी कधीच नाही. एकावन्न वर्षं खेळतोय, तेरा-शून्य एकदाही नाही. तेरा-एक झालोय, तापानं फणफणलेला असताना, पण तो एक गुण मी रडून-ओरडून, फुटपट्टी मागवून मिळवला होता. मस्ती होती अंगात. आणि आता हरायचंय तर हरू देत नाहीत लेकाचे! फेब्रुवारीत माझी बायको गेली, सोलांज, तेव्हापासून सगळ्यांना माझी कीव येते. मार्चपासून रोज खेळतोय. मी गोळा मुद्दाम वाकडा टाकतो, तर समोरचा त्याहून वाकडा टाकतो. परवा क्लोव्हिसशी खेळलो — मी झाडाच्या बुंध्यावर मारला, त्यानं सरळ रस्त्यावर! माझा जवळचा ठरला, झाला गुण. आणि वर पाठीवर थोपटून म्हणतो, "वा ओनोरे, हात शाबूत आहे अजून." हात शाबूत! दोन म्हातारे कोण जास्त वाईट खेळतो म्हणून घाम गाळत होते आणि पंचवीस माणसं टाळ्या वाजवत होती. उघडउघड हरायची सोय नाही, मुद्दाम हरलं तर पेटी उघडत नाहीत. आणि आज सहा वाजता रेजीस, आमचा नवा अध्यक्ष, ती पेटीच उतरवणार आहे. चित्राला ओल लागलीय म्हणे. नवीन आणलंय, प्लॅस्टिकचं, धुता येतं. धुता येतं! माणसानं काय काय ऐकायचं.

जुनं चित्र मागून घेऊ? काय म्हणून मागून घेऊ? कशाला हवंय विचारतील. अहो, त्यांना वाटतं ते मी कुठल्यातरी मासिकावरून काढलं, चौऱ्याहत्तर साली, पास्तिस दारूच्या दोन बाटल्यांच्या बदल्यात. आणि काम बघा ना काय केलंय, माझ्या सगळ्या पाट्या एकीकडे आणि ते एकीकडे. खडूसारखं पांढरं नाही, साय असते ना, तसा रंग, आणि डावीकडे खाली एक तीळ आहे, तो आधी मी विसरलो होतो, मग ती म्हणाली, माझा तीळ कुठाय —

...म्हणजे.

बघू नका अशा. झालं, निघालं तोंडातून. हो, तीच. सोलांज. दर बुधवारी चर्चमध्ये पोरांना धर्माचे धडे देणारी, केसाची बट इकडची तिकडे होऊ न देणारी सोलांज. तिचीच कल्पना, माझी नाही! मला मॉडेल मिळेना, ही कांदा चिरत होती, सुरी ठेवली आणि म्हणाली, एवढंच ना? थंडी होती, शेगडीजवळ उभी राहिली, आणि सगळा वेळ हसत होती, त्यामुळे रेष हलायची. फक्त एक वचन घेतलं — ती आहे तोवर कुणाला सांगायचं नाही. आणि मग पन्नास वर्षं, घंटा वाजली की ही भाजीची पिशवी घेऊन गर्दीत पहिल्या रांगेत. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या हिच्या! पाद्रीबाबांच्या वेळी तर डोळ्यांतून पाणी आलं हिच्या हसून हसून. रात्री जेवताना विचारायची, आज कोण आलं होतं भेटायला? आणि मग म्हणायची, "सगळं गाव पाया पडून गेलं, ओनोरे, एक तूच राहिलास. हर ना रे एकदा. माझ्यासाठी." आणि मी, मी मूर्ख, मी म्हणायचो, वाल्दिए शून्यावर हरत नसतो. प्रत्येक वेळी. शेवटी दवाखान्यातसुद्धा म्हणाली, थट्टेनं, आवाज नव्हता उरला, ओठ हलले नुसते. मी हसलो. हसलो आणि म्हटलं, बरी हो आधी, मग बघू. फार चुकलं हो माझं. फार.

चला, उठा. पाच वाजले. बूट घाला — नाही, नकोत, अनवाणीच खेळा, नेम चांगला लागतो. त्यांच्याशी बोलू नका, हसू तर मुळीच नका. तुम्हाला माझी कीव येत नाहीये ना? आली तर गिळून टाका.

हं, टाका... वा! बघितलंस क्लोव्हिस? पाहुण्या बाईंचा हात बघ! तीन-शून्य. नाही रे, ऊन डोळ्यांत येतंय माझ्या, तू तुझं बघ. ...सहा. छान, गुडघ्यात वाका, बाई. नऊ! काय कुजबुजताय मागे? मी खेळतोय, जीव तोडून खेळतोय, घाम बघा! ...बारा. बारा-शून्य. रेजीस, ये ये, जवळ ये, घड्याळ काय बघतोस, सहा कुठे वाजलेत. आता शेवटचा माझा गोळा — हा असा — अरे! अरे, अरे, मूळ कुठून आलं मध्ये! थांब! थांब की मेल्या! पिल्लाला चिकटला? चिकटलाच की हो. टाळ्या कसल्या वाजवताय, गाढवांनो! एकावन्न वर्षांत एवढा सुंदर गोळा पडला नव्हता माझ्या हातून, आणि आजच पडायचा होता!

बाई. इकडे बघा. तुमचा एक उरलाय. त्यांच्याकडे बघू नका, माझ्याकडेही नको. जर्दाळूची बी आहे ती. डबा तिथे आहे. टाका आणि वळून बघू नका.

...

मोज, रेजीस. नीट मोज, तिचा गोळा माझ्या गोळ्यावर बसला, पिल्लू उडालं ते तिच्या दुसऱ्या गोळ्यापाशी. फुटपट्टी कशाला हवी, आंधळ्यालाही दिसेल. तेरा. तेरा-शून्य! वाजव घंटा! नको काय? दया नको मला तुझी, नियम म्हणजे नियम, उघड ती पेटी. टेकतो गुडघे, एकटा टेकतो, हात सोड माझा. आणि ते फोन खाली करा सगळ्यांनी. टाळ्याही नकोत. तोंडं फिरवा. क्लोव्हिस, तू पण. प्रथा गेली खड्ड्यात, फिरवा म्हणतो ना तोंडं — नवराबायकोच्या मध्ये तुमचं काय काम?

...हो. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत. आता फिरा. तुम्हीसुद्धा, बाई. किल्ला सातपर्यंत उघडा असतो, निघा.