समासातल्या लाल शाईला रकाना नाही

मी, रतन भागुजी गजरमल, वय ६१ वर्षे, धंदा - सेवानिवृत्त ग्रंथपाल व व्याख्याता, राहणार हडपसर, पुणे. आज दि. १७ जून २०२५ रोजी पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून सांगतो की, माझी मुलगी दीक्षा हिने लोणी काळभोर येथील नवदीप्ती प्रयोगशाळा तंत्र विद्यालयातून पदविकेचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. सरकारी रुग्णालयात तिची निवड झाली असून उद्या अकरा वाजता कागदपत्रांची पडताळणी आहे. ती चुकल्यास जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाते.

विद्यालयाने यंदा निकाल 'ब्लॉकचेन'वर, म्हणजे एकमेकींना जोडलेल्या संगणकीय नोंदींच्या साखळीवर, चढवले. तेथे दीक्षा रक्तपरीक्षण प्रात्यक्षिकात गैरहजर, म्हणून नापास दिसते. प्रात्यक्षिक ६ डिसेंबरला ठेवले होते. त्या दिवशी आमचे घर चैत्यभूमीवर असते. तसा अर्ज दिल्यावर परीक्षक पद्मजा मॅडमनी १० तारखेला तिची परीक्षा घेतली आणि रजिस्टरच्या समासात लाल शाईने '५० पैकी ४३' लिहून सही केली.

आज दुपारी दोन वाजता मी विद्यालयात गेलो. लिपिक द्वारकाबाई म्हणाल्या, "लाल शाई मला दिसली हाय दादा, पण मशीनमधी समासाला रकानाच न्हाई."

संचालक आमोद गानू म्हणाले, "अहो काका, ही साखळी कुणालाही बदलता येत नाही. म्हणूनच ती विश्वासार्ह."

मी विचारले, "आणि चूक झाली तर?"

"चूक होत नाही. नोंद होते."

खोटे बोलणारी माणसे मी पुष्कळ पाहिली. स्वतःच्या चुकीला अढळपद देणारे संचालक आजच पाहिले.

मी या विषयावर वाचले आहे. जुनी नोंद न पुसता तिच्याखाली दुरुस्तीची नवी नोंद जोडता येते. तसे सांगितल्यावर गानू आवाज खाली आणून म्हणाले, "जोडता येते हो. पण ती जगाला कायमची दिसेल. पुढच्या महिन्यात मूल्यांकन समिती येतेय." यांची पारदर्शकता ही इतकी लाजाळू आहे. साखळीच्या प्रती तीन संगणकांवर, तीन स्वतंत्र ठिकाणी असल्याचे माहितीपत्रकात छापले आहे. तिन्ही संगणक गानूंच्या केबिनमध्ये एकाच पंख्याखाली आहेत. तीन साक्षीदार, तिघेही एकाच मालकाचे.

बाहेर व्हरांड्यात जुनी रजिस्टरे पोत्यांत भरलेली होती. कागद कापणारी गाडी तीन वाजता येणार होती. "आता कागदाची गरज काय?" असे गानू म्हणाले. दीक्षाच्या त्रेचाळीस गुणांचा जगातला एकमेव पुरावा त्या पोत्यात होता. मी तिच्या वर्गाचे रजिस्टर उचलले आणि रिक्षाने थेट येथे आलो. माझ्यामागून येऊन गानूंनी चोरीची तक्रार दिली. चोर पोलीस ठाण्यात आधी पोचला, याची नोंद घ्यावी.

रजिस्टर मी पंचांसमक्ष आपल्या ताब्यात दिले असून पोच घेतली आहे. पान ४१ ची साक्षांकित प्रत आजच मिळावी, ही विनंती. रजिस्टर गानूंना परत देण्यास माझी हरकत आहे.

वरील मजकूर हवालदार सौरभ यांनी मला वाचून दाखवला. त्यात 'रजिस्टर हिसकावले' असे लिहिले गेले होते. माझ्या हरकतीवरून त्यांनी त्यावर एक रेघ मारली, मूळ शब्द वाचता येईल असा ठेवला, वर 'उचलले' लिहिले आणि शेजारी माझी सही घेतली व स्वतःचीही केली. दुरुस्तीला अर्धे मिनिट लागले. आता जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.