दुर्बिणीतला केस

—थांबा, थांबा, मिस्तरीभाऊ! तो डोळ्याकडचा पेच नका खोलू. बाकी खोला जी. कड्या ढिल्या करा, बंदुकीवरून दुर्बीण उतरवा, ओमप्रकाशनं नागपूरहून नवी आनली ते बसवा — नातू हाय माया, त्याले सारं नवंच पायजे — पन जुन्या नळीचं पोट उघडू नका. काहून म्हंता? आता काहून म्हटलं तं सांगाच लागते. बसा. पेचकस खाली ठेवा. आग्गं बाई, मले आताच हासू येऊन राहिलं, सांगू कशी?

तं ऐका. तिवशाच्या अल्याड, जिथं आता मोटरी थांबतात, तिथं एक फुलमाळी राहे, भगवंत त्याचं नाव. त्याची बायको पार्बताबाई, बोलली का लाल मिरची. अन् त्याइची एकच पोट्टी, मनकर्णा, केस कमरेच्या खाली — ते मी. आता पाहू नका, आता काय राहिलं डोक्यावर! तेव्हा मोझरीले आश्रम नव्हता, वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले, अन् आमी सारं वावर गुलछडी लावो. फुलं आमचे, वावर अमरावतीच्या हरिहर वकिलाचं. मानूस भला, डोक्यानं साफ टकला, अन् बंदुकीचा भारी शौक. बंदूक मारता येत नव्हती ते गोठ येगळी.

गुलछडीचा कांदा रानडुकराले लय आवडते, हे तुमाले मालूम हाय का? नसंन. तुमी लोखंडातले. दिवस बुडाले आला का एक धुऱ्यावरून, बांधावरून उतरे — एकटाच, पाठीवर केसाची शेंडी उभी — अन् नाकानं वाफेच्या वाफे उपटे. दोन वर्सं झाली. तिसऱ्या वर्सी वकिलानं बाबाले सांगून टाकलं, भगवंता, या खेपेले डुक्कर पडलं तं वावर तुयाकडं. नाई पडलं तं येत्या मिरगाले मी कापसाची पऱ्हाटी लावतो. बाबा त्या दिवशी जेवले नाई. पऱ्हाटीत फुलमाळ्याचं काय काम, सांगा? आमच्या हातानं फुलंच ओवली, आजानं बी तेच.

मंग एक दिवस वकील बैलाच्या दमणीतून आले. संगं हेच बंदूक, अन् हेच दुर्बीण — कोन्या विलायतेले जाणाऱ्या सायबानं देली होती. अन् संगं तिवशाच्या बाजारातला एक घडीवाला पोट्टा, घड्या दुरुस्त करे, शिवायच्या मशिनी दुरुस्त करे. आमच्यातलाच होता. नाव? नाव मी घेत नाई. बाईमानसानं घेऊ नये. आता समजले असान. वकील म्हने, "शेषराव, हे दुर्बीण या बंदुकीवर चढव, मंग पाहतो डुकराले." — हे वकिलानं घेतलं बरं नाव, मी नाई.

तं यायनं बसून दोन कड्या बसवल्या, कानशीनं घासून घासून, एवढं मन लावून का समोर मी पानी घेऊन उभी, तं म्हंतात, "ठेवा तिथं." वर बी पाह्यलं नाई! मले असा राग आला. दुर्बिणीत आत दोन बारीक रेघा असतात, एक उभी, एक आडवी, त्या जिथं भेटतात तिथं गोळी जाते, असं ते बाबाले सांगत होते; मी रागात, तेव्हा ऐकते कोन! काच पुसाले नळीचं टोक उघडलं, माया फुलाच्या टोपलीपाशी फडक्यावर ठेवलं, अन् गेले निंबाले ओळंबा बांधाले. गवंड्याचा असते ना, दोरी अन् खाली वजन, तो. उभी रेघ त्या दोरीवर बसली का दुर्बीण सरळ. हुशार हायत तसे. परतून पायतात तं काय — दोन्ही रेघा गायब! दमणीच्या हादऱ्यानं तुटल्या असतीन, म्हने. असतीन बाप्पा. रस्ता खराबच होता.

वकिलाचं तोंड उतरलं. घडीवाला म्हने, घाबरू नका, बारीक तार पायजे, नाई तं कोळ्याचा धागा. जाळ्याले हात लावला का तुटे. घोड्याचा केस आनला, तो आत निरा कासऱ्यासारखा दिसे. मंग म्हंतात, "मानसाचा केस चालंन, पन लंबा अन् बारीक पायजे." सारे वकिलाच्या डोक्याकडं पाहू लागले! वकील म्हने, "माझ्याकडं काय पाहता!" अन् मंग सारे माया येनीकडं.

माय चुलीपासून उठून आली. आमच्यात पोरीचा केस परक्याच्या हाती पडू देत नाई, भाऊ. विंचरलेला गुंता बी थुंकून वळचणीत खोसतो, कोनी काही करनी करंन म्हनून. माय म्हने, "डुक्कर सारं वावर खाऊन जाओ, कुवाऱ्या पोरीचा केस मी परक्या पोट्ट्याले देत नाई." बाबा तिच्याकडं पायतात, गुलछडीकडं पायतात. अन् वकील — वकीलच तो! — मिशीवरून हात फिरवून म्हने, "पार्बताबाई, तुमची हरकत केसाला आहे का परकेपणाला?" माय म्हने, "परक्याले." "मग तो परका नसला तर?"

यायच्या हातातला पेच पडला, थेट गुलछडीत. मंग काय, सारे वाकून पेच धुंडून राहिले, मी बी, अन् तिथं वाफ्यात, पयल्यांदा माया तोंडाकडं पाह्यलं यायनं. कान लाल. पेच सापडला होता मले कवाचाच, मी मुठीत धरून बसली होती. हासता काय? हासा.

माय अशी तशी ऐकंन थोडी! म्हने, पयले सुपारी फोडा, मंग केस. गेली दमणी तिवशाले, यायच्या बापाले घेऊन आली. सुपारी फोडाले अडकित्ता भेटेना, यायच्या हातोडीनंच फोडली. मंग मायनं मले उंबऱ्यावर बसवलं, रिठ्यानं केस धुतले, अन् मानेवरचा बारीकातला बारीक एक केस उपटला. त्याचेच दोन तुकडे, बाभळीच्या डिंकानं चिकटवले. ओळंब्यावर धरून पेच कसले. वकिलानं पयली गोळी मारली, डोळा काचेले चिकटवून — बंदुकीनं असा धक्का देला का भुवईवर चंद्राची कोर! मायनं हळद दाबली. निशान्यासाठी धुऱ्यावर ठेवलेल्या चुन्याच्या मडक्याले गोळी लागलीच नाई, कडब्यात गेली. मंग यायनं कडीखाली डब्याचा पत्रा सरकवला, दोन खेपा, अन् तिसरीले मडकं फुटलं. वकील एका डोळ्यानं पाहून म्हने, "आता तूच मार, बाबा."

दिवस बुडाले आला. डुक्कर आलं. एकच आवाज. अन् गुलछडीत आडवं.

बाबा रडले जी. वकिलानं तिथंच सांगितलं, भगवंता, मी जिता हाय तोवर या वावरात गुलछडीच. अन् शब्द पाळला! पुढं त्याइनं बाबाच्या नावावरच करून देलं, अन् म्हातारपनी बंदुकीचा परवाना यायच्या नावानं. चार लेकरं, हे घर, मोटेची विहीर, सारं त्या एका केसावर उभं हाय, अन् तो अजून त्या नळीत हाय. अन् झालं कशापाई? तं मले वाटलं, एवढ्या महाग काचेत कोनाचे तरी दोन केस अडकले, एक उभा, एक आडवा, सायबाचे असतीन, घान हो! — अन् हे पाठमोरे निंबाले दोरी बांधून राहिले होते, तं गुलछडीतली अळी काढते तसे नखानं अलगद ओढले अन् देले फेकून—

काय? काय म्हटलं मी? काही नाई म्हटलं. हासू नका! तुमाले तुमच्या लेकराची आन, चाळीस वर्सं झाली, यायले अजून दमणीचे हादरेच मालूम हायत. तो गाडीवान मरून गेला बिचारा, तरी दर दिवाळीले त्याले शिव्या देतात, अन् मी च्या देते.

आना ते इकडं. फडक्यात गुंडाळा. पेच नका—

हे पाहा, यायचा खोकला ऐकू आला. धुऱ्यावरून आले. चूप. नवी बसवा. मान खाली घाला म्हटलं ना!

या, या जी. काही नाई. मिस्तरीले इचारून राहिली होती, च्यात साखर किती लागते म्हनून.