लेन्स होती तशी करा

परक्यांचे बोलणे ऐकणे मला पसंत नाही. परंतु कॅमेरादुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे उभे असलेले वृद्ध दांपत्य हळू बोलणारे नव्हते. चेहऱ्यांचे फोटो काढण्याची, हाताने फोकस करायची त्यांची लेन्स काउंटरवर होती.

"तुम्ही ही बिघडवलीत."

"काका, बिघडलेली होती, ती सुधारली. डोळ्यांवर फोकस केला की नाक स्पष्ट यायचं."

"म्हणून तर फोकस करून मी बोटभर पुढे झुकायचो. डोळे लख्ख यायचे."

"मग आता झुकू नका."

"जन्माची खोड हो त्यांची! आता माझे कान तेवढे लख्ख, डोळे पुसट."

"अगं, काल नाही झुकलो ना?"

"नाही. खुर्चीला पाठ टेकून बसलात. डोळे अगदी स्पष्ट आले."

"मग काकू, अडचण काय?"

"फोटोतली बाई रुसलेली दिसते. हे कासवासारखी मान पुढे काढतात, तेव्हा मला हसू येतं. भाऊ, लेन्स होती तशी करून द्या."

"चांगली लेन्स मुद्दाम बिघडवू? काका, तुम्ही सांगा."

"बिघडवा. पण जपून हं, बोटभरच."