राहून गेलेला दिवा

(रायपूर. यशदीपचं घर, सकाळ. समोर लॅपटॉप उघडा. यशदीप आणि त्याची आई कांताबाई.)

कांताबाई: पोहे थंडे झाले. भट्टी तिकडं सिलतऱ्याच्या कारखान्यात, तू घरी बसला, मंग हात धुवाले काहून सवड नाही तुले?

यशदीप: आई, चालू भट्टीच्या कम्प्युटरचा कर्नल बदलून राहिलो. कर्नल म्हणजे त्याचा आतला कारभारी. जुना उठते, नवा बसते, मधात भट्टी फिरतच राहाते. लांब तापलेली नळी हाय ते, थांबली तं वाकते.

कांताबाई: बसला काय मंग नवा?

यशदीप: बसला आता. ज्या ज्या भागाची मी आधी नोंद केली, त्याचं सारं जुन्यानं नव्याच्या हाती देलं. ज्याची नोंद नाही, तो नव्यासाठी आताच जन्मला. शून्यापासून सुरू.

कांताबाई: असं कोणी राहिलं तं नाही ना?

यशदीप: नाही. पंखे झाले, मोटर झाली, कंपनीचं सारं… थांब.

कांताबाई: काय झालं?

यशदीप: विषारी गॅस दाखवते तो दिवा.

कांताबाई: राखेच्या खड्ड्यावरचा? तो तं तूच लावला, बाबासाठी.

यशदीप: म्हणूनच राहिला. कंपनीचा नाही ना तो. साऱ्यायची नोंद केली, माह्यीच राहिली.

कांताबाई: साऱ्या पाऱ्या-मोहल्ल्याले लग्नाचं आवतन, अन् सख्खा मामा राहून गेला. कर मंग आता.

यशदीप: आता करून काय होते? नोंद आधीच लागते. दिवा नव्यानं सुरू झाला. आतलं यंत्र गरम होतपर्यंत तो शून्यच दाखवते.

कांताबाई: शून्य म्हणजे?

यशदीप: हिरवा. गॅस नाही, उतरा.

कांताबाई: तुये बाबा आज खड्ड्यातली राखच काढणार होते.

यशदीप: फोन लाव त्यायले.

कांताबाई: मजुरायचे फोन तं गेटवर जमा राहाते, बाबू.

यशदीप: पियुषले लावतो, कंट्रोल रूममधी. स्पीकरवर ठेवतो. हॅलो, पियुष?

पियुष: हव भैया, सब मस्त है. भट्टी एक सेकंद नहीं रुकी. साहब बहुत खुश हैं.

यशदीप: राखेच्या खड्ड्यात कोणाले उतरू देऊ नको.

पियुष: काहून? इधर तो दिवा हरा दिख रहा है.

यशदीप: तोच खोटा हाय. पळ लवकर.

पियुष: खड्डा एकदम दूसरे छोर पे है भैया, वॉकी-टॉकी उधर पकडता नहीं. जाता हूँ. फोन मत काटना.

कांताबाई: तवरक तू इथून लाल कर ना दिवा.

यशदीप: गरम झाल्याबिगर तो कोणाचं ऐकत नाही.

कांताबाई: तं जुना कारभारी परत बसव.

यशदीप: बसवला तरी दिवा पुन्हा शून्यापासूनच.

कांताबाई: मंग भट्टीच बंद कर. होऊ दे वाकडी.

यशदीप: भट्टी बंद करून खड्ड्यातला गॅस कुठं जाते, आई?

कांताबाई: त्यायले वास तं येईल ना.

यशदीप: या गॅसले वास नाही.

कांताबाई: मंग तू काय करून राहिला?

यशदीप: पाहून राहिलो.

कांताबाई: मी ऑटो करून जातो तिथं.

यशदीप: तू पोचतपर्यंत… नको जाऊ. बस इथंच. मले भेव लागून राहिलं.

कांताबाई: बसलो. मलेही लागून राहिलं.

पियुष: भैया.

यशदीप: बोल.

पियुष: खड्डे के मुँह पे बाबा के साथवाले शामरावकाका थे. रस्सी खींच रहे हैं, नीचे आपके बाबा हैं. और भी लोग लग गये हैं.

यशदीप: बाबा बोलले काय?

पियुष: अभी नहीं.

कांताबाई: आवाज दे म्हणा त्यायले. नाव घेऊन आवाज दे.

पियुष: दे रहे हैं, काकी. शामरावकाका रो रहे हैं. बोले, मैंने रोका था, कम्प्युटर का काम चालू है, थोडा ठहर जाओ. तुळशीरामभाऊ ने, आपके बाबा ने, दिवा देखा और हँस दिये. बोले, मेरे लडके का लगाया है, बेफिकर उतरता हूँ.

यशदीप: आई, झाला दिवा गरम. आकडा आला.

कांताबाई: कसा हाय?

यशदीप: लाल.

कांताबाई: दिवा नव्हता तवा ते तासभर खड्ड्याचं झाकण उघडं ठेवत, बाबू. मंग उतरत.