दोरीला टांगलेला लोलक

मुलगी : भिंगं चार. चुंबक तीन, त्यातला एक मोडका. दोऱ्याची रिळं दोन, स्टॉपवॉच एक. आणि या डबीत सोन्याचा एक लोलक. बाबा, निवृत्त होताना शाळेतलं कपाट रिकामं केलंत की सराफाचं दुकान?

आई : कसला लोलक? आण इकडे.

बाबा : अगं, लोलक म्हणजे... दोरीला टांगून हेलकावे मोजतात तो. पुस्तकात तोच शब्द आहे.

आई : आमच्यात लोलक कानात घालतात.

मुलगी : झुंबराच्या काचांनाही लोलकच म्हणतात. पण याला कानात अडकवायचा आकडा आहे.

आई : आणि खाली तीन मोती. माझा आहे हा. जोडीचा कपाटात एकटा पडलाय, तू शाळेत जायला लागलीस तेव्हापासून.

मुलगी : पण तो तर मावशीनं...

आई : म्हण की, चोरला. मीच म्हटलं होतं, चार माणसांत. ती म्हणाली, ताई, हवी तर झडती घे माझी. आणि मी घेतली.

बाबा : त्या दिवशी तपासणी होती शाळेची. टांगायचा गोळा सापडेना. म्हटलं, संध्याकाळी आणून ठेवू. घरी आलो, तर तुमचं सगळं होऊन गेलेलं.

आई : आणि तुम्ही मूग गिळून बसलात.

बाबा : तू इतकं बोलून बसली होतीस. आता सांगितलं तर तुझंच हसं होईल, असं वाटलं.

आई : माझ्यासाठी होय! उपकारच झाले.

मुलगी : मग परत शाळेत का नेलात?

बाबा : घरात ठेवणार कुठे? वर्गात तो खपून जायचा. पोरं हसायची, मास्तरीणबाईंच्या कानातलं म्हणून.

आई : म्हणजे पोराटोरांना ठाऊक. तिला तेवढं नाही. मागच्या हिवाळ्यात ती गेल्याचा फोन आला, तेव्हा मी काय म्हटलं? चोराच्या मयताला कोण जातं! तुम्ही इथेच होतात. या खुर्चीत. पेपर उलटत होतात.

बाबा : ऐकलं मी.

आई : एक विचारू? सोनंच लागतं का हो त्याला?

बाबा : नाही.

आई : वजन तरी ठरलेलं लागतं?

बाबा : वजनानं फरकच पडत नाही. तेच तर दाखवायचं असतं.

आई : मग एखादा खडा चालला असता?

बाबा : चालला असता.

आई : दाखवा. नको, तुम्ही नको. हिला करू दे.

मुलगी : आई, कशाला आता...

आई : कुंडीतला घे खडा. दोरा तेवढाच ठेव.

(मुलगी खिडकीच्या कडीला दोरा बांधते; आधी लोलक टांगते, मग खडा.)

मुलगी : दोरा एक मीटर. हेलकावे दहा. लोलक, वीस सेकंद. खडा, वीस सेकंद.