कुलकर्णी सरांचं एका धारेचं रेझर

आमच्या शाळेतल्या कुलकर्णी सरांच्या दाढीची गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही ना? मग चहा जरा गार होऊ द्या. सरांनी ऑनलाइन एका धारेचं महागडं रेझर मागवलं आणि महिनाभर स्टाफरूममध्ये आम्हाला त्याचे गुण ऐकवले. "याचं ब्लेड जाड, त्यामुळे थरथरत नाही. दोन धारांचं वापरणारे लोक अडाणी." आम्ही सगळे दोन धारांचेच, त्यामुळे गप्प ऐकत होतो.

नेमकं सरांच्या मुलीला बघायला पाहुणे यायच्या सकाळी, एक गाल झाल्यावर, सरांचं शेवटचं ब्लेड बोथट झालं. मला सोबत घेऊन, गालाला रुमाल लावून सर तसलं ब्लेड शोधत अख्खी शुक्रवार पेठ फिरले. एक दुकानदार म्हणाला, "एकाच बाजूचं? दुसरी बाजू कुठं गेली, सर?"

शेवटी सर सलूनवाल्या सिद्रामच्या खुर्चीत बसले. त्यानं साधं दोन धारांचं ब्लेड कागदासकट मधोमध मोडलं आणि अर्धं वस्तऱ्यात बसवलं. "घ्या, झालं की एका धारेचं. उरलेलं अर्धं पुढच्या गिऱ्हाइकाला."

तोंडाला साबण असतानाही सर सुरूच. "अरे, हे खरं नव्हे. खऱ्याला वजन असतं. लोकांना त्याची किंमत कळत नाही, म्हणून ते खपत नाही."

"असंल की," सिद्राम म्हणाला. "पर सर, ह्ये मोडलं तर एकाची दोन होत्यात. तुमचं मोडलं तर काय होतं?"

सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण वस्तरा तेवढ्यात गळ्यावर आला होता.